वास गेलेला धूर

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी मध्यस्थाला विचारलं, "पोरगा काय करतो?" मध्यस्थ म्हणाला, "हवा मोजतो." सासरे म्हणाले, "ते असू द्या, पण पोटापाण्याचं काय?" मी कॉलेजात कायम नोकरीला आहे हे त्यांना पटवायला दोन बैठका लागल्या. हवा मोजण्यातही काही काम असतं हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. दिवाळीला घरी आले की विचारायचे, "काय जावईबापू, यंदा किती भरली?"

तीसेक वर्षं मी हवा मोजली आणि गेल्या वर्षअखेरीला निवृत्त झालो. जालन्यातल्या एका कॉलेजाच्या रसायनशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा साहाय्यक होतो. विभागाकडे हवेचे नमुने घेण्याचं काम आलं तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं, कारण सगळ्या विभागात मोटारसायकल फक्त माझ्याकडे होती. प्राध्यापक मंडळी अहवाल लिहीत आणि मी गच्च्या चढत असे. जिल्ह्यातल्या इतक्या गच्च्यांवर मी चढलो आहे की कुणाची पाण्याची टाकी गळते हे त्या घरच्या माणसांआधी मला कळायचं.

आमचं यंत्र म्हणजे कमरेएवढी पत्र्याची पेटी, वर दोन बाजूंनी उतरतं छप्पर. आत मोटर असते. ती दिवसभर हवा ओढते आणि एका पांढऱ्या कागदातून आरपार सोडते. हवा निघून जाते, तिच्यातले कण कागदावर अडकतात. चहा गाळण्यातलाच प्रकार, फक्त आम्ही चहा सोडून देतो आणि चोथा घरी नेतो. कागद लावण्याआधी तोलायचा, काढल्यावर पुन्हा तोलायचा. जितकं वजन वाढलं तितकी धूळ आणि धूर त्या हवेत होता. ऐकायला सोपं आहे. पण दिवसभरात कागदावर जो मळ बसतो तो चिमूटभरही नसतो, आणि बोटाच्या घामालासुद्धा वजन असतं. म्हणून कागद कायम चिमट्यानं धरायचा. तोलण्याआधी तो दमटपणा शोषणाऱ्या खड्यांच्या बंद डब्यात ठेवायचा. शिवाय दर फेरीला एक कोरा कागद नुसता सोबत हिंडवून परत आणायचा. तो आमचा साक्षीदार. त्याचं वजन वाढलं तर समजायचं की घाण हवेत नव्हती, माझ्या, म्हणजे साळव्यांच्या, हातात होती. माझा साक्षीदार माझ्यावर फार थोड्या वेळा उलटला, हे मी अभिमानानं सांगतो. बायकोचं म्हणणं असं की मी लग्नाची पत्रिकासुद्धा कडेला धरून वाचतो.

गिऱ्हाइकं मात्र आमची एकेक नामी. वाटूरला एका दुकानाच्या गच्चीवर यंत्र ठेवलं होतं, फाट्यावरच्या रहदारीचा धूर मोजायला. एके दिवशी कागद काढला तर तो चक्क तांबूस. विभागात चर्चा सुरू झाली. एका सरांनी तर त्या तांबड्या धुळीचा उगम दूरच्या वाळवंटात नेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी कागद तोलायला काढताना मला एकामागून एक अशा शिंका आल्या की तराजूचा काटा हलायचा थांबेना, तेव्हा उलगडा झाला. खालच्या दुकानदारानं उन्हाळ्यापुरती मिरची कांडायची मशीन बसवली होती.

बदनापूरला, माझ्या स्वतःच्या गावात, याहून गंमत. तिथला कागद गुरुवारी हटकून जड भरायचा. कारण काही सापडेना म्हणून एका गुरुवारी सकाळीच टाकीमागे जाऊन बसलो. घरमालक आजोबा आंघोळ करून वर आले, पेटीसमोर उदबत्त्यांचा जुडगा लावला आणि हात जोडून उभे राहिले. मी पुढे होऊन विचारलं, "आजोबा, हे काय करून राह्यले?" ते दचकले नाहीत. म्हणाले, "अरे, दिवसभर घुमून राह्यली वस्तू. तिच्यात काही तरी असंलच की." उदबत्ती खाली देवघरात लावायला ते कबूल झाले, पण माझ्याबद्दल त्यांचं मत जे वाईट झालं ते झालंच.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि मी ते चवीनं सांगतो. पण ज्या कागदामुळे आज लिहायला बसलो तो हसण्यासारखा नव्हता. त्या कागदानं माझ्या तीस वर्षांच्या हुशारीचं पाणी केलं आणि एका बाईचा जीव जाता जाता राहिला.

केदारखेड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते आजूबाजूच्या पाच-पंचवीस गावांना लागू आहे. गावाला खेटून गायरानाचा डोंगर. फाल्गुनात तो पेटवायची तिथली रीत. वाळलेलं गवत जाळून टाकलं की पावसाळ्यात नवं गवत जोमानं येतं, अशी सगळ्यांची खात्री. काडी कुणी लावली हे कुणी विचारत नाही. डोंगर दोन दिवस जळतो. वारा असला तर आग पुढच्या रांगांत शिरते आणि मग पेपरात तिला वणवा म्हणतात.

त्या गावात आमची पेटी गयाबाईच्या गच्चीवर होती. गयाबाई साठीच्या पुढची, विधवा. मुलगा रामेश्वर जवळ राहायचा, त्याच्या तीसेक शेळ्या आणि थोडी कोरडवाहू कपाशी. लेक जालन्यात दिलेली. जन्मभर चुलीपुढे बसून गयाबाईची छाती पार खराब झाली होती. खिशात किल्ली ठेवावी तसा तिच्या कमरेला औषधाचा पंप खोचलेला असायचा. पेटीची देखरेख तिनं आपणहून अंगावर घेतली होती. मी गेलो की जिन्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेल्या वेळा दाखवायची. "भाऊ, काल दुपारी लाईट गेल्ती. गेली कव्हा, आली कव्हा, समदं लिवलंय." माझ्या सगळ्या नोंदींत त्या भिंतीइतकी चोख नोंद दुसरी नसेल.

डोंगर जळायच्या दिवसांत लेक तिला दरवर्षी जालन्याला घेऊन जायची. गयाबाईला ते जाणं जिवावर यायचं. गेल्या वर्षी तिनं साफ सांगितलं, "मी न्हाई येत. दोन खोल्यांत मी दिवसभर भिंतीकडं बघत बसायचं. माझं घर, माझं दार हितं हाये." लेकही तिचीच. ती म्हणाली, "ठीक हाये आई, राहा. पण औंदा तरास झाला तर मंग कायमची माझ्याकडं. घराला कुलूप लावायचं आन् चावी दादाकडं द्यायची." गयाबाईनं ते कबूल केलं. माझ्यादेखत झालेलं हे बोलणं. जाताना लेक मला म्हणाली, "मामा, तुम्ही हवेतले जाणकार. आईवर लक्ष ठेवा."

आमच्या विभागात त्या सुमाराला डॉ. फातेमा मॅडम नव्यानं आल्या होत्या. वणव्याच्या धुरात नेमकं काय असतं हा त्यांचा विषय. त्यांनी मला डोंगर जळायच्या आठवड्यात रोजचा कागद आणायला सांगितलं. म्हणून मी रोज सकाळी मोटारसायकलनं गयाबाईकडे जात होतो.

डोंगर सोमवारी पेटला. पहिल्या दिवसाचा कागद काळाकुट्ट, दुसऱ्या दिवसाचा तसाच. गावात डोळे उघडवत नव्हते. गयाबाई माझ्या सांगण्यावरून आतल्या खोलीत होती, दाराच्या फटीत ओली लुगडी कोंबलेली. बुधवारी आग विझली. गुरुवारी सकाळी गेलो तर आभाळ उघडं, ऊन लख्ख, वास नावालाही नाही. पलीकडच्या रांगांवर किंचित दुधाळ पडदा होता, पण तो तर उन्हाळ्यात असतोच. पेटी उघडली. कागद हातात घेताच कळलं, हलका आहे. रंग फिक्या चहासारखा. इतकी वर्षं हेच काम केलं होतं. काळा कागद वाईट, हलका कागद चांगला, हे माझ्या बोटांना तराजूच्या आधी समजायचं. दोनदा नाकानं खोल श्वास घेतला आणि खाली येऊन दार वाजवलं. "अक्का, उघडा आता सगळं. हवा साफ झाली."

आतून आवाज आला, "बराबर बघितलं ना भाऊ?"

मी कागद दाखवला. ती हसली. तीन दिवस कोंडून पडलेली बाई ती. दारं-खिडक्या सताड उघडल्या, ओट्यावर पोतं अंथरलं आणि गहू निवडायला बसली. मी चहा घेतला आणि निघालो. शुक्रवारी मला विभागात काम होतं म्हणून गेलो नाही. ती शुक्रवारीही दिवसभर ओट्यावर होती.

शनिवारी गेलो तर घराला कुलूप. रामेश्वर शेळ्या सोडून रस्त्यावरच उभा होता. मला बघून जवळ आला. "तुमीच म्हनले ना साहेब, हवा साफ झाली म्हनून? आईला काल सांजच्याला भोकरदनला नेलं. तिथून जालन्याला. नळी लावलीय नाकात. आता कोन्ती हवा साफ हाये, सांगा ना!"

 शेळ्यांपायी डोंगर तू पेटवलास, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण काडी कुणाचीही असो, दार उघडा असं मी सांगितलं होतं. मी तसाच बाहेरच्या जिन्यानं वर गेलो, कागद काढला, डब्यात ठेवला आणि जालन्याला आलो.

फातेमा मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी गुरुवारचा तो हलका कागद मागून घेतला. त्यांची पद्धत माझ्यासारखी नव्हती. मी कणांचं वजन करायचो, त्या कणांचा स्वभाव बघायच्या. कागदाचा तुकडा पाण्यात हलवून कण उतरवायचे आणि त्या पाण्यात एक रसायन घालायचं. त्या रसायनाला असा घाण वास येतो की प्रयोगशाळेतून आपण पळूनच जावं. आपल्या फुप्फुसाच्या आत राखणीला काही पदार्थ असतात, त्यांच्या जागी नमुन्यादाखल हे रसायन धरायचं. कण जितके वाईट तितकं ते रसायन लवकर संपवतात. शेवटी त्यात दुसरं एक द्रावण घातलं की उरलेल्या रसायनाचा पिवळा रंग दिसतो. पिवळा गडद, म्हणजे राखण शाबूत. पिवळा फिका, म्हणजे राखण खर्ची पडली.

सोमवारच्या काळ्या कागदातले आणि गुरुवारच्या हलक्या कागदातले कण त्यांनी सारख्या वजनाचे घेतले. काळ्याची नळी फिकट झाली. हलक्याची त्याहून फिकट. माझ्या साक्षीदार कोऱ्या कागदाची नळी पिवळीधमक राहिली, म्हणजे हात माझेच खराब असण्याची पळवाटही बंद झाली.

"साळवे भाऊ, वास गेला म्हणजे धूर गेला असं नसतं," मॅडम म्हणाल्या. "झोंबणारा वास असतो तो बराचसा धुरातल्या वायूंचा. ते विरून जातात. बारीक कण मात्र हवेत तरंगत राहतात. उन्हात फिरता फिरता त्यांच्यावरची रसायनं बदलतात. काही जास्त उतावळी होतात. समोर दिसेल त्याच्याशी भांडण काढणारी. ती आत गेली की राखण करणाऱ्यांना संपवतात आणि मग छातीला सूज येते." पलीकडच्या रांगांत अजून जळत होतं आणि तिथला धूर दिवसभर उन्हात फिरून गयाबाईच्या ओट्यावर उतरत होता. मी ज्याला उन्हाळ्याचा दुधाळ पडदा म्हणालो होतो तो तोच.

मी विचारलं, "म्हणजे अक्कांना यानंच झालं?"

मॅडम सरळ माणूस. "एका कागदावर छातीठोक सांगता येत नाही. आधीचे तीन दिवसही असतील. पण दारं उघडायला नको होती, एवढं बिलकुल सांगते." त्यांनी पुढे दुसऱ्या दोन ठिकाणचे कागदही तपासले, तेव्हाही प्रकार तसाच निघाला. पण मला त्या दिवशीच पुरेसं कळलं होतं. तीस वर्षं मी हवा तोलली आणि तोलणं म्हणजेच ओळखणं असं समजून बसलो. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

पाचव्या दिवशी दवाखान्यात गेलो. गयाबाईची नळी निघाली होती, बोलताना मात्र धाप लागत होती. लेक उशाशी होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कागद हलका होता, मी फसलो, चूक माझी. लेकीनं मान दुसरीकडे वळवली. गयाबाईनं मला स्टुलावर बसायला खुणावलं.

"मंग आता कळलं का पुरतं?" ती म्हणाली.

"कळलं."

"मंग रामेश्वरला सांगा. मी सांगून सांगून थकले. तो म्हनतो, आईला तरास हाये तर आईनं जावं, डोंगर कुठं जातो?" ती थांबली, दम घेतला. "भाऊ, मला घरी जायचंय. हितं न्हाई मरायचं मला."

 ठरल्याप्रमाणे लेक तिला आपल्या घरी घेऊन गेली.

पंधरा वर्षांपूर्वीचा मी असतो तर अहवालात एक ओळ घालून मोकळा झालो असतो. यावेळी मॅडमच्या मागे लागलो. वैशाखात त्यांनी आपल्या गाडीतून सामान घेतलं, वाटेत लेकीकडून गयाबाईलाही घेतलं आणि आम्ही गावात गेलो. सकाळची वेळ, पारावर बरीच माणसं. मॅडमनी भाषण वगैरे काही केलं नाही. कोऱ्या कागदाची आणि त्या गुरुवारच्या कागदाची अशा दोन नळ्या कोमट पाण्याच्या थर्मासात ठेवल्या. "अर्धा तास लागेल, तोवर चहा घेऊ," म्हणाल्या. रसायनाचा वास सुटला तशी पोरंटोरं नाकं धरून हसायला लागली. अर्ध्या तासानं त्यांनी दोन्ही नळ्यांत शेवटचं द्रावण घातलं. कोऱ्या कागदाची नळी हळदीसारखी पिवळी झाली. दुसरीत जेमतेम लिंबाच्या पाण्याइतका रंग आला.

रामेश्वर गर्दीत मागे उभा होता. पुढे आला, फिकी नळी उन्हात धरून बघितली. "ह्यो कागद तर सोमवारच्या मानानं पांढराच व्हता. म्या सोता पाह्यलाय."

"मीही पाहिला होता," मी म्हणालो. "म्हणूनच तुझ्या आईला दार उघडायला सांगितलं."

"आईच्या छातीत ह्येच झालं?"

मॅडम म्हणाल्या, "नळीत आणि माणसात फरक असतो भाऊ. पण छातीतही अशी राखण असते आणि ती अशीच खर्ची पडते. तुमच्या आईंकडे ती मुळातच कमी उरली आहे."

तो नळीकडे बघत राहिला. मग त्यानं आम्हा दोघा जाणकारांना विचारलं. "बराबर हाये तुमचं. पन गवताचं काय? न्हाई जाळलं तर वाळकं तसंच उभं राहतं. खालून नवं येत न्हाई, शेळी तोंड लावत न्हाई. तीस जनावरं मी कुठं नेऊ?"

 उत्तर आलं ते पाराच्या कडेला टेकलेल्या गयाबाईकडून. सावकाश, मधे मधे थांबत.

"जाळायला उरतंच कामून? मी लगीन होऊन आल्ते तव्हा दिवाळी झाली की समदा गाव इळे घिऊन डोंगरावर जायचा. गवत कापायचं, गंज्या लावायच्या. फाल्गुनात डोंगर बोडका. जाळायला काडी मिळत नव्हती. तुमी कापायचं सोडलं, मंग जाळायचं धरलं. आन् म्हनता, रीत हाये!"

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. खरंच की, असं कुणीतरी म्हणालं. मजुरी परवडत नाही, डोंगर चढवत नाही, अशी कुरकूरही झाली. रामेश्वर म्हणाला, "ठीक. येक साल करून पाहू. पन आई, ऐक. पावसाळ्यात गवत न्हाई आलं तर पुढच्या साली मी बिलकुल ऐकनार न्हाई." गयाबाई म्हणाली, "नको ऐकू. मी जाईन जालन्याला, चावी तुझ्याकडं."

अशी तिनं आपल्या घराची पैज एका डोंगरावरच्या गवतावर लावली. लेकीनंही तेवढ्यापुरती मुदत दिली आणि गयाबाई परत आपल्या घरी राहायला आली. मला त्या क्षणी ती कमालीची बेफिकीर वाटली. नंतर वाटलं, तीस वर्षं कागद तोलून मला जितकी खात्री नव्हती तितकी तिला आपल्या डोंगराची होती.

गेल्या दिवाळीनंतर गाव डोंगरावर गेलं. सगळं नाही, निम्मं-अर्धं. पण रामेश्वरनं जिद्द धरली. गवत कापलं, शेळ्यांना पुरेल इतकं घरी आणलं, उरलेल्याच्या गंज्या लावल्या. पलीकडच्या हद्दीला चार हात रुंद पट्टी पार मातीपर्यंत खरवडून काढली. आग पुढे सरकू नये म्हणून वनखात्याचे लोक काढतात तशी, तिला जाळरेषा म्हणतात. गयाबाई खालून हातवारे करून दाखवत होती, कुठं राहिलं, कुठं सुटलं. डिसेंबरात मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी विभागानं हार घातला, नारळ दिला आणि माझा चिमटा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

यंदाच्या फाल्गुनात मी रिकामाच, तरी गावात जाऊन राहिलो. पलीकडची रांग पेटली. भर दुपारी आग उतरत जाळरेषेपर्यंत आली. रामेश्वर आणि दहा-बारा जण लिंबाचे हिरवे डहाळे आणि ओली पोती घेऊन उभे होते. दोन तास ते ठिणग्या झोडपत होते. आग रेषेशी आली, इकडे तिकडे चाचपली आणि बसली. आपला डोंगर जळाला नाही. काळा होऊन खाली आलेला रामेश्वर मला म्हणाला, "मामा, पानी द्या." साहेबाचा मामा मी त्या दिवशी झालो. मी आतल्या आत किती सुखावलो ते त्याला कळलं नसेल.

पुढचे चार दिवस ऊन लख्ख होतं आणि वास नव्हता. गयाबाईनं दार उघडलं नाही. मी विचारायच्या आतच आतून आवाज आला, "उघडत न्हाई भाऊ. रांग पुरी थंड हू द्या, वारं पालटू द्या." पाचव्या दिवशी वारा फिरला, दुधाळ पडदा सरकून पलीकडचा डोंगर दगड मोजता यावेत इतका स्पष्ट दिसायला लागला, तेव्हाच तिनं कडी काढली. त्या फाल्गुनात तिनं पंप घेतला, दोनदा वाफ घेतली, पण दवाखान्याची पायरी चढली नाही. पाडव्याला लेक जालन्याहून आली आणि आईच्या ओट्यावर बसून जेवली. जाताना मला म्हणाली, "अजून पावसाळा बघायचाय मामा." तीही पैज विसरली नव्हती.

पुढचे चार महिने मी अस्वस्थ होतो. पेपरात पावसाची बातमी आली की वाचायचो. गवताबद्दल कुणी काही छापत नाही. बायको म्हणाली, "आधी हवा मोजत होतात, आता गवत मोजा." मुद्दाम फोन करायला धीर होत नव्हता.

आषाढ संपत आला तेव्हा एका सकाळी रामेश्वरचा फोन आला. वाऱ्याचा आवाज इतका की मला आधी काही कळेना.

"मामा, ऐकू येऊन राह्यलं का? डोंगरावर हाये. गवत आलं! दाट आलं, शेळ्या मान वर करून न्हाई राह्यल्या. आई पन आलीय."

"कुठं आलीय?"

"हितं, वर. म्या नको म्हनलं तरी आली. मधी तीनदा बसली. घ्या, बोला."

फोन तिच्या हातात गेला. पलीकडून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, खरखरीत, लांब, पण येणारा आणि जाणारा. मग ती म्हणाली, "थांबा भाऊ, जल्दी करू नका. चढून आलेय."

मी म्हणालो, "सावकाश घ्या अक्का." आणि फोन कानाला लावून तिचा श्वास बसेपर्यंत ऐकत राहिलो.